लांब फळी, छोटी लाट

देहूरोडच्या डोंगरावर पडलेला पाऊस अरबी समुद्राला मिळत नाही. तो पवनेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि कृष्णेत जातो आणि सगळं पठार ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला भेटतो. कोकणचा किनारा आपल्याला हाकेच्या अंतरावर. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला माणूस मुरुड किंवा अलिबागला पोहोचतो. पण लाटांवर उभं राहायला शिकायचं तर आजही महाराष्ट्रातली पोरं तमिळनाडूची किंवा कर्नाटकातल्या मुळकीची वाट धरतात. शाळेत आपण सगळ्यांनी ७२० किलोमीटरचा किनारा पाठ केला. या किनाऱ्यावर मासेमारी आहे, बंदरं आहेत, पर्यटन आहे, मालवणला पाण्याखाली नेऊन मासे दाखवणारे व्यावसायिक आहेत. सर्फिंगच्या नकाशावर मात्र मुळकीसारखं नाव कोकणातल्या एकाही गावाला अजून मिळालेलं नाही.

कारण विचारलं की बहुतेक जण म्हणतात, आपल्याकडे लाटाच नाहीत. या उत्तराने माझं समाधान होत नाही. सर्फिंगचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा खेळ जिथे रुजला, तिथे लाटेइतकंच महत्त्व दोन साध्या गोष्टींना होतं. एक, पोरांना एकत्र बांधून ठेवणारा क्लब. दुसरी, फळी विकणारं, भाड्याने देणारं आणि मोडली तर दुरुस्त करणारं दुकान. शिवाय सगळ्या फळ्यांमधली जी सर्वांत जुनी, ती लांब फळी, म्हणजे लाँगबोर्ड, छोट्या आणि आळशी लाटांसाठीच आहे. कोकणात वर्षातले बरेच महिने नेमक्या तशाच लाटा असतात.

आधी फळीबद्दल. नऊ फूट किंवा त्याहून लांब, पुढून गोल आणि रुंद अशा फळीला लाँगबोर्ड म्हणतात. फळी जितकी लांब-रुंद तितकी ती माणसाला पाण्यावर जास्त तोलून धरते, आणि हाताने वल्हवताना वेगही लवकर घेते. त्यामुळे गुडघ्याएवढी लाटसुद्धा तिला पकडता येते. सहा फुटांच्या शॉर्टबोर्डला खाली उभा उतार आणि मागून जोराचा धक्का लागतो, तो मिळाला नाही की ती पाण्यात बसते. लाँगबोर्डवरचं कसब वेगळं आहे. लाट फुटू लागली की स्वार मागच्या टोकाजवळ उभा राहून फळी वळवतो आणि मग पाय एकमेकांवरून टाकत, एकेक पाऊल मोजून पुढे चालत जातो. पाय ओढत गेला तर तोल जातो. मागच्या भागावरून वाहणारं पाणी फळीला दाबून धरतं, म्हणून पुढच्या टोकावर वजन पडूनही ती बुडत नाही. अगदी टोकाशी जाऊन पायाची दहाही बोटं फळीबाहेर काढून उभं राहायचं, ही या कलेतली शेवटची पायरी. हे सगळं कमरेएवढ्या लाटेवर होतं आणि साठीतली माणसंही ते करताना दिसतात.

हवाई बेटांवर ही विद्या शतकानुशतकं होती. कॅप्टन कुकच्या जहाजांवरच्या लोकांनी १७७८-७९ मध्ये ती पाहून लिहून ठेवली. तिथल्या सरदारांच्या ‘ओलो’ नावाच्या फळ्या १८ फुटांच्या आणि त्याहूनही लांब असत, सामान्यांच्या ‘अलाइया’ आखूड. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या इतकी घटली आणि मिशनऱ्यांच्या काळात जुन्या चालीरीतींवर अशी सावली पडली, की शतक संपेपर्यंत लाटांवर स्वार होणारे थोडेच उरले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पहिली नोंद सापडते ती १८८५ ची. शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात आलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांता क्रूझला नदीच्या मुखाशी रेडवूडच्या फळ्या पाण्यात टाकल्या. नदीचं मुख ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कोकणच्या संदर्भात ती पुढे येणार आहे.

क्लबांची गोष्ट १९०८ मध्ये वाइकीकीला सुरू होते. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड या उत्साही माणसाने तिथे आउटरिगर कनू क्लब काढला. खेळ जिवंत राहावा, पोरांना फळ्या ठेवायला जागा मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण सभासद बहुतांश गोरे होते. ज्यांच्या पूर्वजांनी ही कला घडवली, त्या हवाईयन तरुणांनी मग आपला स्वतःचा ‘हुइ नालू’ क्लब उभा केला आणि १९११ मध्ये त्याला रीतसर रूप दिलं. त्याच्या संस्थापकांपैकी ड्यूक कहानामोकू याने पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. १९१४ च्या उन्हाळ्यात (ऑस्ट्रेलियातला उन्हाळा डिसेंबरात असतो) तो सिडनीला गेला, स्थानिक वखारीतून पाइनचं लाकूड घेऊन त्याने फळी तासली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभं राहून दाखवलं. ती फळी तिथल्या जीवरक्षक क्लबाने आजही जपून ठेवली आहे. ऑस्ट्रेलियात सर्फिंग पसरलं ते या जीवरक्षक क्लबांच्या आधारानेच. बुडणाऱ्याला वाचवणं आणि लाटेवर खेळणं या दोन्ही गोष्टी तिथे एकाच छपराखाली वाढल्या. आपल्याकडे या गोष्टीला खेळापेक्षाही जास्त किंमत आहे.

कॅलिफोर्नियातले सुरुवातीचे क्लब छोटे आणि घरगुती होते. १९३५ मध्ये सुरू झालेल्या पालोस व्हर्डेस सर्फ क्लबची जागा म्हणजे जॉन ‘डॉक’ बॉल या दंतवैद्याच्या दवाखान्याला लागून असलेली खोली. वर्गणी, बैठका, नियम, सगळं शिस्तीत. याच बॉलने काढलेले फोटो हा त्या काळाचा सर्वांत मोठा दस्तऐवज ठरला.

देहूरोडच्या माणसाला सर्वांत ओळखीची वाटेल ती सॅन ओनोफ्रेची हकिगत. तिथली लाट मऊ, लांब पळणारी, लाँगबोर्डसाठी घडवल्यासारखी. १९४२ मध्ये अमेरिकी मरीन सैन्याने तिथे कॅम्प पेंडलटन हा अवाढव्य तळ उभारला आणि किनारा लष्कराच्या हद्दीत गेला. आपल्याकडे छावणी, डेपो, दारूगोळ्याचा कारखाना यांच्या भिंतींमधून ज्यांचे रस्ते जातात, त्यांना फाटक, पास आणि पहारेकरी म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. तिथल्या लोकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन ओनोफ्रे सर्फिंग क्लब स्थापन केला, लष्कराशी करार केला आणि सभासदांच्या गाड्यांना आत सोडण्याची सोय करून घेतली. किनारा स्वच्छ ठेवायची आणि शिस्त पाळायची हमी क्लबाची. एकट्यादुकट्याला फाटकावरून परत पाठवणं सोपं असतं, नोंदणी असलेल्या संस्थेशी मात्र बोलावं लागतं. १९७० च्या दशकात हा किनारा राज्य उद्यान झाला आणि सगळ्यांना खुला झाला. तोवर वीस वर्षं ती लाट लोकांच्या हातात राहिली ती या क्लबामुळे.

आता दुकानाकडे येऊ. माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे, आणि आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला तो इतर कुणापेक्षाही चांगला कळेल.

सुरुवातीला फळी विकतच मिळत नव्हती. रेडवूडचा भरीव ओंडका, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो, ज्याची त्याने तासायची. टॉम ब्लेक याने १९३० च्या आसपास आतून पोकळ फळी बनवली आणि १९३५ मध्ये तिला खाली पहिला पर, म्हणजे फिन, जोडला. दुसऱ्या महायुद्धात विमानं आणि जहाजांसाठी काचधागा आणि रेझिन तयार झाले, आणि युद्ध संपताच ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वर्कशॉपांमध्ये पोहोचले. हलक्या बाल्सा लाकडावर काचधाग्याचा थर चढवला की फळी पाणी पीत नाही आणि वजन पाव-तृतीयांशावर येतं. १९४७ मध्ये जो क्विग याने डॅरिलिन झॅनक या तरुणीसाठी मुद्दाम हलकी, वळायला सोपी फळी बनवली. पुरुषांनी ती मागून घेतली, वापरून पाहिली, आणि मग त्यांनाही तशीच हवी झाली. पुढे ज्याला ‘मालिबू’ बोर्ड म्हणू लागले, त्या वंशाची ही एक मूळ फळी. बायकांसाठी केलेली सोय शेवटी सगळ्यांचीच झाली.

डेल वेल्झी याने १९४९-५० च्या सुमारास मॅनहॅटन बीचवर उघडलेलं दुकान पहिलं सर्फ शॉप मानलं जातं. १९५२ मध्ये जॅक ओनील याने सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रालगतच्या एका गॅरेजात दुकान थाटलं आणि थंड पाण्यात टिकाव धरण्यासाठी रबरी बंड्या शिवून विकायला सुरुवात केली. आज जगभर वापरला जाणारा वेटसूट घराघरात पोहोचला तो त्या गॅरेजातून. १९५४ मध्ये होबी ऑल्टर याने डेना पॉइंटला रस्त्याकडेला दुकान बांधलं. बाल्सा इक्वेडोरहून यायचं, कधी मिळायचं, कधी नाही. म्हणून होबी आणि त्याचा सहकारी गॉर्डन क्लार्क यांनी पॉलीयुरेथेन फोमवर प्रयोग केले आणि १९५८ पासून फोमच्या फळ्या बाजारात आल्या. पुढच्याच वर्षी ‘गिजेट’ हा सिनेमा आला, मालिबूला गर्दी लोटली, आणि फोम नसता तर एवढ्या फळ्या पुरवणं कुणालाच जमलं नसतं.

फळी कशी बनते ते एकदा जवळून पाहू. फोमचा ठोकळा मधोमध उभा कापतात, दोन भागांत लाकडाची पातळ पट्टी चिकटवतात, म्हणजे फळीला कणा मिळतो. मग कारागीर रंधा आणि पॉलिश पेपर घेऊन तिला आकार देतो. खोलीत दिवे छताला नसतात, ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फळीच्याच उंचीला लावलेले असतात, कारण आडव्या उजेडात फोमवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. त्यानंतर काचधाग्याचं कापड पसरतात, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ओततात आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे ओढत नेतात. कापड पांढऱ्याचं पारदर्शक होतं, तेव्हा रेझिन नीट भिनलं असं समजायचं. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथूनच पुढे थर सुटणार. हार्डनर हवामान बघून घालायचा, उन्हाळ्यात बेताने, थंडीत जरा सढळ. भोसरी आणि चाकणच्या शेडमध्ये बसचे पॅनल, पाण्याच्या टाक्या, मशीनची कव्हरं बनवणाऱ्या एफआरपीच्या कारागिराला यातलं एकही वाक्य नवीन नाही. तोच वास, तेच हातमोजे, तीच घाई, कारण मिश्रण एकदा केलं की घड्याळ सुरू होतं. सिडनीत फळ्यांचा उद्योग वाढला तो ब्रुकव्हेल या उपनगरात, समुद्रापासून थोड्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या शेडच्या औद्योगिक वस्तीत. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकच्या निमित्ताने आलेल्या अमेरिकी जीवरक्षकांकडच्या हलक्या फळ्या पाहून तिथल्या लोकांनी आपल्या फळ्या बनवल्या. बाल्सा मिळेना म्हणून आधी प्लायवूडच्या पोकळ नकला केल्या, मग बाल्सा मिळवलं, मग फोम आणला. लाट किनाऱ्यावर होती, पण खेळाचा कणा कारखान्यांच्या गल्लीत घडला.

दुरुस्ती हा दुकानाचा खरा आधार. फळी खडकावर आपटली, गाडीच्या टपावरून पडली, दुसऱ्या फळीला धडकली, की काचधाग्याला तडा जातो. त्या तड्यातून खारं पाणी फोममध्ये शिरतं, फळी जड होते, थर सुटू लागतात. ताबडतोब वाळवून, घासून, ठिगळ लावलं तर फळी वर्षानुवर्षं चालते. जिथे दुकान नाही, तिथे एका तड्यात फळी बाद होते, आणि शिकणारा पोरगा तिच्याबरोबर खेळातून बाहेर पडतो.

१९६६ मध्ये सॅन दिएगोला जागतिक स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने पातळ, चपळ फळीवर ती जिंकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत फळ्यांची लांबी साडेनऊ फुटांवरून सातवर आणि त्याखाली आली. बॉब मॅकटॅव्हिश, जॉर्ज ग्रीनो यांच्यासारख्या प्रयोगशील लोकांचं हे काम. खेळ म्हणून झेप मोठीच होती. दुकानदारांवर मात्र संकट कोसळलं. शेकडो लांब फळ्या मालाच्या खोलीत पडून राहिल्या, त्या मातीमोल भावाने काढाव्या लागल्या, कित्येकांना टाळं लागलं. क्लबही ओसरले, कारण नव्या पिढीला जर्सी आणि बैठका म्हणजे बापाच्या जमान्याची गोष्ट वाटू लागली. दहा-पंधरा वर्षांनी लाँगबोर्ड परत आला. चाळिशीत पोहोचलेले जुने लोक परतले, आपल्या मुलांना घेऊन आले. १९८६ पासून लाँगबोर्डचं वेगळं जागतिक विजेतेपद सुरू झालं, आणि ते पहिल्यांदा जिंकलं त्याच नॅट यंगने, ज्याच्या फळीने लांब फळीची सद्दी संपवली होती. जुने क्लब जागे झाले, नवे निघाले. जोएल ट्यूडर हा कॅलिफोर्नियाचा स्वार १९९८, २००४ आणि मग थेट २०२१ मध्ये जगज्जेता झाला. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात तेवीस वर्षांचं अंतर, असं दुसऱ्या किती खेळांत घडेल?

फोमच्या गोष्टीचा शेवट आमच्या पट्ट्यातल्या लघुउद्योजकांनी जरूर वाचावा असा आहे. गॉर्डन क्लार्कच्या कंपनीकडून अमेरिकेतल्या बहुसंख्य कारागिरांना फोमचे ठोकळे जात. ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने फॅक्स पाठवून कळवलं की कारखाना बंद. विषारी रसायनांचे नियम, खटल्यांची भीती, जबाबदारीचं ओझं, ही कारणं त्यात होती. साचेही मोडून टाकले. एका दिवसात फळ्यांचे भाव चढले आणि कारागीर ठोकळ्यांसाठी धावू लागले. एकाच व्हेंडरवर सगळा धंदा टांगला की काय होतं ते त्या सोमवारी दिसलं. त्यातून पुढे नवे पुरवठादार उभे राहिले आणि इपॉक्सी, पॉलिस्टायरीन यांसारख्या दुसऱ्या सामग्रीला वाव मिळाला.

तोवर दुकानांचं रूप बदललं होतं. फळीवर फायदा थोडा, टी-शर्ट आणि चपलांवर जास्त. हळूहळू दर्शनी भागात कपडे आले, फळ्या मागच्या भिंतीला गेल्या, आणि समुद्र न पाहिलेल्या शहरांतही सर्फिंगच्या नावाचे शर्ट खपू लागले. मला यात खेळाचं नुकसान दिसतं. ज्या दुकानात काउंटरमागच्या माणसाला उद्याच्या वाऱ्याचा अंदाज नसतो, त्या दुकानाचा शिकणाऱ्याला उपयोग काय?

क्लबाच्या दाराचा प्रश्न तर शंभर वर्षं पिच्छा सोडत नाही. हुइ नालू त्यातूनच जन्मला. निक गॅबाल्डन हा कृष्णवर्णीय तरुण सांता मोनिकाच्या काळ्या लोकांच्या किनाऱ्यावरून मैलोन्‌मैल वल्हवत मालिबूला जात असे. १९५१ मध्ये तिथल्याच धक्क्याच्या खांबावर आपटून तो गेला. आपली लाट म्हणून बाहेरच्यांना धमकावणाऱ्या टोळ्याही झाल्या. पालोस व्हर्डेसच्या लुनाडा बे इथल्या टोळीवर २०१६ मध्ये खटला भरला गेला, आणि त्यांनी बांधलेला दगडी अड्डा त्याच वर्षी नगरप्रशासनाने पाडला. चवदार तळ्याचा सत्याग्रह कोकणातल्या महाडलाच झाला. पाण्यापाशी कोण जाऊ शकतं हा प्रश्न इथे कुणी हलक्यात घेऊ नये, आणि कोकणात क्लब निघेल तेव्हा त्याची घटना लिहिताना पहिलं कलम याच गोष्टीचं असावं.

भारतात आधुनिक सर्फिंगची पहिली पक्की मुळं धरली ती मंगळुरूजवळ मुळकीला. फ्लोरिडात १९६३ पासून लाटांवर वाढलेले जॅक हेब्नर वैष्णव संन्यासी होऊन भारतात आले आणि २००४ मध्ये त्यांच्या आश्रमातून मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. शाकाहार, दारूबंदी, पहाटे जप, आणि मग फळी घेऊन समुद्र. ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून जग त्यांना ओळखतं. २०२० मध्ये ते गेले. मुळकीच्या खाडीच्या तोंडाशी, ससिहित्लूच्या वाळूवर जी लाट फुटते, तिच्यावर पुढे राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा झाल्या. २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली.

मुंबईची इशिता मालवीय २००७ मध्ये पत्रकारिता शिकायला मणिपालला गेली. तिथे तिला आणि तिचा साथीदार तुषार पथियान याला या आश्रमाचा पत्ता लागला. दोघांनी बराच काळ एकाच फळीवर आळीपाळीने सराव केला आणि उडुपीजवळ कोडी बेंगरे या मच्छीमार गावात शाका सर्फ क्लब उभा केला. देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव झालं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते गावातल्या मुलांना पाण्यात उतरवण्याचं काम. समुद्रकाठी जन्मूनही त्यातल्या अनेकांना समुद्राची भीतीच शिकवलेली होती.

चेन्नईच्या दक्षिणेला कोवलममध्ये मूर्ती मेगवन हा मच्छीमाराचा मुलगा लहानपणी लाकडाच्या तुकड्यावर लाटा घ्यायचा. हेब्नर यांची फळी पाहिल्यावर त्याला कळलं की आपण जे करत होतो त्याला जगात एक नाव आहे. योतम आगम आणि उद्योजक अरुण वासू यांच्या मदतीने २०१२ च्या सुमारास तिथे सर्फ स्कूल झालं. शिकायला येणाऱ्या पोरांना दारू-सिगारेट बंद हा मूर्तीचा नियम. आज गावातली मुलं प्रशिक्षक आहेत, जीवरक्षक आहेत, राष्ट्रीय विजेते आहेत. शेजारच्या महाबलीपुरमला २०२५ मध्ये आशियाई स्पर्धा झाली आणि त्यात रमेश बुदिहाल याने कांस्यपदक मिळवलं. या तिन्ही ठिकाणी गोष्ट सारखीच आहे. एक वेडा माणूस, चार फळ्या, एक छप्पर, गावातली पोरं.

मग कोकण? लाटांचं गणित प्रामाणिकपणे मांडू. मुंबईसमोर समुद्राचा उथळ पाटा तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरला आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. दुरून येणाऱ्या लाटेचा जोर या उथळ पाण्यात मरतो. पावसाळ्यात लाट मोठी असते, पण समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, वारा किनाऱ्याकडे मारणारा. जून-जुलैत मासेमारीही ६१ दिवस बंद असते, तेव्हा नवशिक्याने पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नाही. उरतात नारळी पौर्णिमेनंतरचे, विशेषतः ऑक्टोबर ते मे हे महिने. या काळात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर कापून थकून पोहोचतात. हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूच्या ‘शमाल’ वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्यांची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केली आहे. या लाटा गुडघा ते कमरेएवढ्या. शॉर्टबोर्डवाला तोंड वाकडं करून परत जाईल. नऊ फुटांच्या फळीला मात्र एवढी लाट पुष्कळ झाली.

सांता क्रूझ, मुळकी, कोडी बेंगरे, तिन्ही ठिकाणी नदी समुद्राला मिळते आणि तिने आणलेल्या वाळूच्या दांड्यावर लाट शिस्तीत फुटते. कोकणात तर दर काही मैलांवर खाडी. तिच्या तोंडाशी दांडा कुठे सरकला, ओहोटीला ओढ किती, भांगाच्या आणि उधाणाच्या भरतीत फरक काय, हे तिथल्या कोळी-गाबीत माणसाला अंगाने ठाऊक असतं. ही ओढ जीवघेणीही असते, म्हणून जागा निवडण्याचा अधिकार त्याचाच हवा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांच्या उंचीचे आणि कालावधीचे अंदाज रोज देते. ते आकडे आणि कोळ्याचा अनुभव शेजारी ठेवले तर कुठल्याही परदेशी अ‍ॅपपेक्षा चांगली माहिती हाती येईल.

१ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ओहोटीची वेळ आणि अनोळखी पाणी. पिंपरी-चिंचवडमधून दर शनिवार-रविवारी हजारो माणसं कोकणात उतरतात. किनाऱ्यावर सर्फ क्लब असला की दिवसभर पाण्यावर नजर ठेवणारे, ओढ कुठे आहे ते सांगू शकणारे, आणि बुडणाऱ्याला आधार देईल अशी तरंगणारी फळी हातात असलेले आठ-दहा तरुण तिथे असतात. ऑस्ट्रेलियाने शंभर वर्षांपूर्वी हे करून दाखवलं. गोव्याने २००८ पासून नेमलेले जीवरक्षक ठेवले आहेत. माझ्या लेखी सर्फ क्लबाच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद नाही.

क्लब कसा चालवायचा हे तर पुणेकरांना कुणी शिकवण्याची गरज नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘गिरिप्रेमी’ने सह्याद्रीतल्या सुळक्यांपासून सुरुवात केली आणि २०१२ मध्ये आठ जणांना एव्हरेस्टवर, २०१९ मध्ये दहा जणांना कांचनजंगावर पोहोचवलं. डोंगरावरचा दोर, हार्नेस, कॅराबिनर ही परवडणारी चीज नव्हती. ते सामान संस्थेचं असायचं, वापरून धुऊन-वाळवून परत करायचं, दोराच्या प्रत्येक वापराची नोंद ठेवायची, जुनाट दोर निर्दयपणे बाद करायचा. घोरावडेश्वर किंवा भंडाऱ्याच्या डोंगरावर रविवारी सकाळी नव्या पोरांना गाठी शिकवणारे दादा-ताई या पट्ट्यात आजही भेटतात, आणि त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. ही सवय समुद्रावर नेली तर अर्धं काम झालंच.

सुरुवातीला लागणार तरी काय? नऊ फुटांच्या मऊ पृष्ठभागाच्या सहा-सात फळ्या, कारण त्या डोक्याला लागल्या तरी खोक पडत नाही. त्यांचे पायाला बांधायचे दोर. आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम आणि जीवरक्षणाचा दाखला असलेले दोन स्थानिक तरुण, फेडरेशन हे अभ्यासक्रम देशात घेते. ग्रामपंचायतीची, आणि जिथे लागेल तिथे मेरीटाइम बोर्डाची परवानगी. फळ्या सावलीत ठेवायला एक माडाच्या झापांचं छप्पर, कारण फोमचा खरा वैरी ऊन आहे. त्याच छपराखाली दुरुस्तीचं टेबल, रेझिनचा डबा, काचधाग्याचं कापड. शहरातल्या माणसाकडून तासाचं भाडं घ्यायचं, गावातल्या मुलाला फळी फुकट द्यायची आणि बदल्यात किनारा झाडून घ्यायचा, हा कोवलमसारख्या गावांत रुळलेला व्यवहार. भोसरीतल्या एखाद्या एफआरपीवाल्याने हंगामात महिन्यातून एक रविवार रेझिन आणि हार्डनर घेऊन कोकणात उतरायचं ठरवलं तर दुरुस्तीची चिंता मिटते. वर्षभरात गावातलीच दोन पोरं त्याच्याकडून ठिगळ लावायला शिकतील. आणि फोमचा ठोकळा मिळाला, तर पुढची फळी आपल्याच शेडमध्ये का घडू नये, हा प्रश्न तो स्वतःच विचारेल.